तीन मीटर

लिएपायात नोव्हेंबरात चारला दिवा लावावा लागतो.
तो लावत होतो तेव्हा स्काइद्रीते आली,
काखेत लॅपटॉप, खिशात चारशे वीस युरो,
आणि पेन्सिलीनं लिहिलेली एक यादी,
निम्मी खोडलेली.

"मला मोठा स्टुडिओ नकोय," म्हणाली,
"माझं मशीन माझं हवंय.
मागच्या कंपनीनं परवान्याचा सर्व्हर बंद केला
आणि माझी नऊ गाणी
माझ्याच घरात कुलूपबंद झाली.
किल्लीचं सोडा, कुलपाचा कारखानाच उठला."

मी या काउंटरमागं एकवीस वर्षं.
आधी बोटींचे रेडिओ दुरुस्त करायचो.
बोटी कमी झाल्या.
आता ज्याची वॉरंटी कुणी देत नाही ते माझ्याकडे येतं.
लिनक्सवालेही.

शेल्फ दाखवलं.
हे लाल. देखणं. मोजा, पंचवीस दिवे.
पण याच्या मिक्सरची खिडकी दुसऱ्यांच्याच सिस्टीमवर उघडते,
तुमच्याकडे ते नुसतं लाल बसून राहील,
लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखं.

हे फायरवायरचं, लोखंडी. आवाज असा, की विचारू नका.
फक्त ते जोडायला तसं भोक असलेला लॅपटॉप
आता कुठून आणणार?
आणि कर्नेलमध्ये या जुन्या दारांना तेल घालणारी माणसंही
म्हातारी होत चाललीत.

हे करडं.
दोन माइक, एक हेडफोन. ड्रायव्हर मागत नाही.
वायर लावली की म्हणतं, मी आलोय,
आणि मशीन म्हणतं, बस.

ती स्टुलावर बसली, आर्डर उघडलं,
मांडीवर कोकले घेतलं, अकरा तारांचं.
बफर चौसष्टवर: तार, तार, टक्.
घासात खडा लागावा तसा.
"मीच चुकतेय का?"
नाही बाई. नाचणारीचा दोष नाही,
इथं अंगण खरंच वाकडं आहे.
वायफाय बंद केलं. प्रोसेसरची झोप मोडली.
टक्.
एकशे अठ्ठावीस.
खडा गेला.

मग बाहेर जाणारी वायर फिरवून आत घातली आणि मोजलं:
जाऊन येऊन पावणेनऊ मिलीसेकंद.
तिनं यादीत पाहिलं. तिथं लिहिलं होतं, तीनच्या आत.
तीनच्या आतलं आहे माझ्याकडे, म्हणालो,
पण ते कार्ड आहे, त्याला डेस्कटॉप लागतो,
आणि वर सातशे युरो.
ती गप्प.
बाहेर ट्राम वळली, काच थरथरली.

"पावणेनऊ म्हणजे किती?"
हवेत आवाजाला तीन मीटर जायला लागतात तेवढे.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दुकानाच्या दाराकडे,
जणू नजरेनं टेप लावत होती.
"चर्चच्या माळ्यावर मी या टोकाला,
बिरुता त्या. मधे ऑर्गनचं बाक.
तीन मीटर असतीलच.
सतरा वर्षं तशा गायलो.
ती उशिरा येते असं
मला कधी वाटलं नाही."

हेडफोन चढवला. गायली.
एकच कडवं, तेही अर्धं.
मी उगाच सोल्डरिंगची तार गुंडाळत राहिलो.

करडं घेतलं. दहा युरो मी सोडले,
पाच तिनं परत ठेवले.
उरलेल्या पैशात एक चांगली केबल,
कारण सगळं नेहमी केबलपाशीच अडतं,
हे मी फुकट सांगतो.

"बिरुता अजून गाते?"
"आयर्लंडात असते. मशरूमच्या कारखान्यात.
रविवारी सुट्टी. मोबाइलवर आपला भाग गाते
आणि फाइल पाठवते.
मागं फ्रिज वाजतो."
पिशवी खांद्याला लावली.
"साधी फाइल. कुठंही उघडते."

यादी काउंटरवरच राहिली.
शेवटची ओळ तिनं कधी खोडली,
माझ्या लक्षात आलं नाही.