किंचित खाली बोलतो

गुदैबियातल्या हॉटेलचं तळघर रिकामं झालं
त्या आठवड्यात हा माझ्या टेबलावर आला.
त्र्याऐंशी सालचा जपानी सिंथेसायझर,
एकसष्ट पट्ट्या, दोन्ही गाल लाकडाचे,
डावा गाल सिगारेटने पोळलेला.
सोबत एक पेडल आणि कुरियन मॅनेजरची चिठ्ठी:
विकून दे, येईल ते निम्मं निम्मं.

उघडला तर आत मनामाची धूळ,
नाचणीच्या पिठासारखी,
बोटाला लागते पण दिसत नाही.
सरकपट्ट्या एकेक काढून स्पिरिटने धुतल्या.
एक चिप मेली होती. तिची जोडीदार
दम्मामच्या एका म्हाताऱ्याकडून
पुलावरून आली, खजुराच्या डब्यात.

मग तापायला ठेवला.
ही जुनी यंत्रं वीज दिली की लगेच सुरात येत नाहीत,
पाहुण्याला पाणी देऊन
आपण जरा गप्प बसावं, तसं बसावं लागतं.
अर्धा तास झाला. तास झाला.
एसी चोवीसवर, मीटर समोर.
षड्ज लावला, पंचम लावला,
पट्ट्यांचं आपसात एकमत,
पण सगळा गावच जगापेक्षा खाली.
फार नाही.
करंगळीच्या नखाएवढा.

मागे पाहिलं. सूर जुळवायची खुंटी
पिवळ्या चिकटपट्टीने गच्च बांधलेली
आणि पट्टीवर पेनाने: मारिसेल.

कुरियनला फोन केला.
हो, गायची की, म्हणाला,
एकोणीस वर्षं, रात्री दहा ते दोन.
वाजवणारा बेनिग्नो.
मध्ये तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं
आणि वरचा सूर तिला जवळ येऊ देईना.
तिला कुणी काही बोललं नाही. त्यानेही नाही.
गिटारवाल्याला डोळ्यांनीच सांगितलं असणार,
बाबा रे, तूही उतर.
नवरा होता का तिचा, मी विचारलं.
छे, तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा,
कुरियन म्हणाला,
जसं काही ते उत्तरच होतं.

आठवणीची बॅटरी शेवटाला टेकलेली.
ती काढली की चौसष्ट खाने कोरे.
म्हणून कॅसेट लावली, सगळे आवाज तिच्यात ओतले.
ऐकलं तर नुसती किरकिर,
डबाभर रातकिडे.
पण त्यातच होतं सगळं,
एकेचाळिसाव्या खान्यातला तो ओला,
उशिरा जागा होणारा आवाजसुद्धा.
नवी बॅटरी घातली, सगळं परत चढवलं.
खुंटीचं मात्र कॅसेटवर जात नाही.
खुंटीला आठवण नसते,
जिथे फिरवली तिथे ती राहते.

गिऱ्हाइकं आली. चर्चसाठी बघणारे दोघे,
एकजण नुसते फोटो काढून गेला.
मग मुहर्रकहून लुलवा आली, विशी-बाविशीची,
बगलेत तिचं नवं यंत्र, जेवणाच्या डब्याएवढं,
रंगीत वायरींचा गुंता वर आलेला.
दोन्ही शेजारी ठेवली, दोन्हींतून एकच सूर धरला
आणि मध्ये एक लाट उठली,
वांव, वांव, वांव,
बुडत्या बोयाच्या दिव्यासारखी.

बिघडलाय?
नाही.
मग?
त्या 'मग'ला पुरेल इतकं अरबी मला येत नव्हतं.
म्हटलं, नीट करून देतो, दोन मिनिटांचं काम.
स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलासुद्धा.

तिने पट्टीवरचं नाव वाचलं.
काही विचारलं नाही.
स्वतःच्या डब्याचं बटण दोन बोटांत धरून
हळूहळू खाली आणलं.
लाट लांबली,
आणखी लांबली,
थांबली.

साडेतीनशे सांगितले होते,
तिने तीनशे दहा दिनार दिले.
पावतीवर मी लिहिलं:
कॅसेट सोबत. किंचित खाली बोलतो.
पट्टी सोडवलेली नाही.

पेडल द्यायचं राहून गेलं.
अजून टेबलाखाली आहे, चुकून पाय पडतो.
कुरियनशी हिशोब करताना
ते मी निम्म्यात धरलं नाही.