कारण क्रमांक चव्वेचाळीस

प्रबंधाचा विषय: बांधकाम प्रकल्पांना होणारा विलंब,
त्याची कारणं आणि त्यांचा क्रम.
बोरस्ते सरांनी यादीत बोट ठेवलं, मी हो म्हटलं.
विलंबातलं मला थोडं कळतं:
आठ वर्षं साइटवर काढून एम.टेक.च्या बाकावर येऊन बसलेय,
आणि शेजारच्या पोराच्या बुटांना
अजून सिमेंट शिवलेलं नाही.

त्रेचाळीस कारणं आयती मिळाली
जॉर्डनच्या, मलेशियाच्या शोधनिबंधांतून.
मालकाचे थकलेले हप्ते. ऐनवेळी बदललेला आराखडा.
प्रतिकूल हवामान, म्हणजे त्यांच्याकडचं.
प्रत्येकापुढे पाच चौकोन,
‘अजिबात नाही’पासून ‘फारच’पर्यंत.
कृपया एकावरच खूण करा.

ऑक्टोबरात फॉर्म घेऊन पाथर्डी फाट्याला गेले.
सातव्या मजल्यावर कॉलमच्या सळया
न विंचरलेल्या केसांसारख्या.
होइस्ट बंद. मिक्सरच्या तोंडात कुत्रं झोपलेलं.
हजेरीवर चाळीस, हजर अकरा.
मुकादम काशीराम भोये, पेठ तालुक्यातला,
तिन्ही पानं सावकाश वाचून म्हणाला,
मॅडम, ह्याच्यात छाटणी कुठं हाये?

द्राक्षाची छाटणी.
माणसं पिंपळगावला गेलीत, दिंडोरीला, ओझरला.
एकरी उक्तं मिळतं, जेवायला सावली मिळते,
आणि हातातली कात्री सुटली
तर ती कुणाच्या डोक्यात पडत नाही.
मग दिवाळी. मग विरळणी, डिपिंग, मग खुडा.
येतील की एप्रिलात, तो म्हणाला,
तुमचा स्लॅब कुठं पळून चाललाय?

रात्री गंगापूर रोडच्या खोलीत
सॉफ्टवेअरमध्ये कामांचं जाळं उघडलं.
लाल रेघ म्हणजे क्रिटिकल पाथ,
तिच्यावरचं एक काम एक दिवस सरकलं
की चाव्या द्यायची तारीख सरकते.
बाकीच्या कामांना फ्लोट.
फ्लोटला मराठी शब्द शोधत बसले.
सवड? मोकळीक?
आमच्या येवल्यात संक्रांतीला पतंगाला देतात
ती ढील. पण तिथंही
आसारी आपल्याच हातात असते.
काशीराम आणि त्याची माणसं
‘रिसोर्स’च्या रकान्यात,
उपलब्धता शंभर टक्के.
कॅलेंडरात रविवार सुट्टी, पंधरा ऑगस्ट सुट्टी.
मी छाटणी भरली आणि एंटर दाबलं.

लाल रेघ हलली.
सातव्या मजल्यावरून उतरली, हायवे ओलांडला,
आणि तारांच्या मांडवाखाली
वाकून चालायला लागली.

सर म्हणाले, संदर्भ?
काशीराम भोये, प्रत्यक्ष संभाषण.
असं नाही चालत, म्हणाले, नाव, वर्ष, पान क्रमांक पाहिजे.
मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.
त्यांच्या भावाची निफाडला चार एकर बाग.
यंदा छाटणीला बारा दिवस उशीर झाला गं, म्हणाले,
माणसं मिळेनात.
सगळी तुमच्या साइटवर अडकलेली.

मी वहीत बारा लिहिलं. बारा कशात मिळवायचे
ते पाठ्यपुस्तकात नव्हतं.

अखेर कारण चव्वेचाळीस
मी फॉर्मच्या तळाशी पेनाने लिहिलं,
झेरॉक्सवाल्याने ते तिरकं काढलं.
एप्रिलात पुन्हा गेले. होइस्ट चालू.
हिरा गावितच्या बोटांवर द्राक्षाच्या चिकाचे डाग,
त्यावर आजची वाळू.
फॉर्म मांडीवर घेऊन
तिने त्रेचाळीस ओळी कोऱ्या सोडल्या
आणि शेवटच्या ओळीत
पाचही चौकोनांवर खुणा केल्या.

असा फॉर्म गणितात धरत नाहीत.
अवैध म्हणून बाजूला काढायचा,
संख्या तेवढी नोंदवायची: एक.
नोंदवली.
फॉर्म माझ्या हेल्मेटच्या आत आहे,
पट्ट्यांमध्ये अडकवलेला.
उन्हात डोक्याला जरा बरं वाटतं.