एकशे सदुसष्ट ग्रॅम

पेडण्याला सिप्रियानच्या स्कूटर-दुरुस्तीच्या दुकानात
टायरांच्या मागे एक गोणपाट असतं,
त्यात तबकड्या.
दर रविवारी तो ते फरशीवर पालथं करतो
नि म्हणतो, "हात लावून बघ गो बाय,
डोळ्यांनी घेऊ नको."

मी आधी डोळ्यांनीच घेतली होती.
काळी, पातळ धारेची, कोयतीसारखी,
वर बाराचा आकडा.
बारा म्हणजे वेग, वेग म्हणजे लांब,
एवढंच गणित मला सुचलं, आणि मी बँकेत कॅशियर.
सड्यावरच्या पहिल्या खुणेपाशी उभी राहून
सगळं अंग घालून फेकली.
चाळीस पावलंही गेली नाही,
रुसल्यासारखी डावीकडे वळली,
काजूंच्या दाटीत शिरली
आणि अजून बाहेर आलेली नाही.

"वेग तुझ्या हातात नसेल
तर तबकडीत असून काय उपयोग?"
सिप्रियानच्या बोटांना ग्रीस, तोंडात अर्धी बिडी.
त्यानं एक जाड कडेची पुढे केली, खोलगट,
दह्याच्या गाडग्यावरच्या झाकणीसारखी.
ही टोपलीजवळची. लांब जायचं नावच घेत नाही.
मी ती बाजूला सारली.
टोपलीजवळ आधी पोचायला तर हवं.

राहिल्या मधल्या.
मधल्यांतही सहा.
एक फार गुळगुळीत, घामेजल्या बोटांतून निसटणारी,
आणि मार्चमध्ये इथं कुणाची बोटं कोरडी असतात?
एक एकशे ऐंशी ग्रॅम, मनगटाला जड.
एक तांबडी. नको, सडाच तांबडा.
एक हिरवी. श्रावणात गवत गुडघ्याएवढं होतं.
एक निळी, फार सुंदर,
पण कडा कुत्र्यानं चावलेली.
सिप्रियान म्हणतो, कुत्रं चांगलं होतं.

शेवटची सोलकढीच्या रंगाची.
एकशे सदुसष्ट ग्रॅम.
पाठीवर चार आकडे: पाच, चार, शून्य, एक.
वेग पाच. तरंगणं चार.
उजवीकडे कलणं शून्य.
शेवटी डावीकडे, जरासं, एक.
त्या शून्यापाशी मी थांबले.
संध्याकाळी कॅश मोजून
फरक शून्य आला की वाटतं, तसं वाटलं.

अंगठा वर, चार बोटं खाली.
कड तळहातात बसली,
कुणीतरी आधी खूप धरलेली असावी अशी.
उलटी केली. मार्करनं लिहिलेलं नाव, विश्राम,
नि खाली फोन नंबर.

या खेळात दुसऱ्याची सापडली तर फोन करतात.
मी तीनशे रुपये मोजले होते, तरी केला.
एका बाईनं उचलला.
म्हटलं, विश्राम यांची तबकडी मिळाली आहे.
"तबकडी? ताट म्हणता?"
म्हटलं, तसंच, पण प्लास्टिकचं.
पलीकडे भांडी वाजली. बराच वेळ.
"माझी सगळी ताटं आहेत. आता मोजली.
विश्राम बोटीवर असतो, ऑगस्टात येईल.
तुमच्याकडे कुणाचं आलंय ते वापरा,
पण आधी धुऊन घ्या हं."

धुऊन घेतली.
दुसऱ्या दिवशी साडेसहाला, वारा उठायच्या आत,
सड्यावर.
टोपली म्हणजे सायकलची रिंग, तिला साखळ्या,
खाली मासळीची जुनी पाटी.
जोर लावला नाही. दार लोटावं तेवढाच हात.
ती सरळ गेली,
इतकी सरळ की मी पुढे बघायचं सोडून
आपल्या हाताकडेच बघत राहिले.
मग जराशी डावीकडे, लिहिलं होतं तेवढीच,
नि जांभ्यावर ठक्क.
टिटवी शिव्या देत उठली.

टोपली तिथून सहा पावलांवर.
आणि ती जाड, झाकणीसारखी,
मी दुकानातच ठेवून आलेली.