दोनशे चौदा वेळा

अलकापुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
एसीच्या गळतीखाली ठेवलेल्या बादलीशेजारी माझं टेबल.
कानावर हेडफोन.
सौदा होण्याआधी गिऱ्हाईक हो म्हणालं की नाही,
एवढंच ऐकायचा पगार मिळतो मला.

सुभेदार हेमलता विनायक. वय ब्याऐंशी. राहणार दांडिया बाजार.
एका वर्षात दोनशे चौदा सौदे,
दोनशे चौदा वेळा हो.
कागदोपत्री सगळं चोख.

नमुन्यादाखल दहा कॉल ऐकायचे होते.
मी सगळे ऐकले.

पहिला हो ताठ आहे,
चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईचा:
'हो. किती? परत सांग.'
बाविसाव्यात ती म्हणते, 'हो, पण हे तर ह्यांचे शेअर ना?'
आणि आमचा जिगर:
'बा, तमे चिंता ना करो. फक्त हो बोला.'
एकसष्टाव्यात मागे कुकर,
हो शिट्टीत बुडालेला.
एकशे सातव्यात प्रश्न संपायच्या आधीच हो,
जसा पाढ्यात पुढचा आकडा आपोआप येतो.
एकशे चाळिसाव्यात हो नाहीच.
ती विचारते, 'जेवलास का रे?'
तो म्हणतो, 'हा, बा.'
आमच्या नोंदवहीत
त्या 'हा'पुढे बरोबरची खूण.

विनायकराव औषधांच्या कारखान्यात भांडारपाल होते.
शेअरचे कागद त्यांनी बिस्किटांच्या डब्यात
डांबरगोळी घालून जपले.
चौतीस वर्षं कुणी हात लावला नाही.
तेच आता सोमवारी विकले, बुधवारी घेतले,
पुढच्या मंगळवारी पुन्हा विकले.
नफा चार हजार.
दलाली एक लाख एकाहत्तर हजार.

अर्जात एक रकाना असतो:
अडचण आल्यास कुणाला कळवावं.
तिथे फळ्यावरच्या वळणदार अक्षरात
तिनं लिहिलंय, जिगरभाई.

मी चिठ्ठी वर पाठवली. खातं थांबवा, म्हटलं.
मॅनेजर म्हणाले, 'पण त्या हो तर म्हणाल्यात ना?'
मी एकशे चाळिसावा कॉल स्पीकरवर लावला.
जेवलास का रे.
कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी उठून एसी वाढवला.

जिगरची भरूचला बदली झाली.
काही जण बढती म्हणतात.

मग नियमाप्रमाणे तिला मी फोन केला.
रडेल, नाहीतर आशीर्वाद देईल,
दोन्हीची तयारी करून बसले होते.
ती संतापली.
'तो रोज अकराला फोन करायचा.
उत्तरायणाला पतंग घेऊन आला,
मला हाताला धरून गच्चीवर नेलं.
मोबाइलची अक्षरं मोठी करून दिली त्यानं.
तू कोण? तू कधी आलीस?'

पैसे गेलेत तुमचे, मी म्हटलं.
'किती?'
सांगितले.

बराच वेळ खालच्या रिक्षा ऐकू येत राहिल्या,
सेव-उसळवाल्याचा पातेल्यावर आपटणारा डाव.
मग तोच पहिल्या कॉलमधला आवाज:
'परत सांग. सावकाश. लिहून घेते.'

मी एकेक सौदा सांगत गेले.
पेन्सिल चालल्याचं कळत होतं.
मधेच ती थांबली, टोक केलं असावं,
पुन्हा चालू.
शेवटी बेरीज तिनं स्वतः केली.
माझ्याहून नव्वद रुपये जास्त आली.
मी तपासलं. तिची बरोबर होती.

'हे रेकॉर्ड होतंय का गं?'
हो, म्हटलं.
'मग विचारूनच ठेवते.
उद्या अकराला कोण करणार फोन?'

नोंद क्रमांक दोनशे पंधरा.
सौद्याचा प्रकार: काही नाही.
प्रश्नानंतर सतरा सेकंद
नुसत्या रिक्षा आहेत.