तिसरा माणूस

तार्मो साहेब,
तुमचा हिशोब पोचला.
चार रात्रींचं भाडं आम्ही आधीच भरलं होतं,
वर साफसफाईचे साठ, तेही न कुरकुरता.
आता ही नवी यादी:
सौनाची जादा लाकडं, चाळीस युरो.
निळा कप, फुटका, पंधरा.
आणि खाली, ठळक अक्षरांत,
नोंद नसलेला तिसरा पाहुणा,
चार संध्याकाळी, प्रत्येकी पस्तीस.

मी रीगात चोवीस वर्षं ट्राम चालवली.
विनातिकीट माणूस मला पाठीला कळायचा.
तेव्हा आधी कपाचं बोलू.
पहिल्याच दुपारी माझ्या बहिणीने, आउस्माने,
खिडकीतून समुद्राचा फोटो काढला.
समुद्र नीट आला नाही. कप आला,
कोपऱ्यात, कान तुटलेला.
तारीख फोटोवर आहे. सोबत जोडते.

लाकडं.
तुमच्या ढिगातली ओली होती,
नुसती धुमसली, डोळे चुरचुरले.
जी पेटली ती जुनिपरची, कोरडी,
हातगाडीवर घालून
दीड किलोमीटरवरून आणली होती
तुमच्या त्या तिसऱ्या माणसाने.

पहिल्या संध्याकाळी तो दार न ठोठावता आत आला.
आम्ही दोघी टॉवेलात. आउस्मा किंचाळली.
त्याने टोपी काढली,
दारामागच्या खिळ्याला अडकवली
(तिथे खिळा आहे हे आम्हाला तोवर दिसलंच नव्हतं)
आणि मग त्याला आम्ही दिसलो.

रशियनमध्ये म्हणाला,
आम्हा तिघांनाही नको असलेल्या
आणि तिघांनाही येणाऱ्या त्या भाषेत,
माफ करा, घर चुकलं.

घर चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ठोठावून आला.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धुरी दिलेला चपटा मासा,
वर्तमानपत्र मागच्या हिवाळ्यातलं.
कुठल्या दगडावर पाणी टाकायचं, कुठल्यावर नाही,
हे त्याने शिकवलं.
बाकाच्या खालच्या अंगाला हात लावायला सांगितलं.
तिथे एक होडी कोरलेली आहे, तार्मो साहेब,
शिडाची, जरा कलंडलेली.
सहा वर्षांच्या पोराने खिळ्याने कोरली.
त्याबद्दल मार खाल्ला होता पोराने, असं तो म्हणाला,
आणि उजवा हात
कोरडाच असताना टॉवेलला पुसत राहिला.

नाव एंडेल. तुम्हाला माहीत असणार.
बसथांब्यामागची चार मजली इमारत, दुसरा मजला.
तिथे न्हाणीघरात टब आहे, तो म्हणाला,
पण टबात माणूस किती वेळ बसणार.

तुमचा कॅमेरा दारावरच आहे.
चित्रण पुन्हा बघा, सावकाश.
डावा खांदा जरा पुढे काढून चालणं.
किल्ली द्यायला आलात तेव्हा
तुम्हीही तसेच चालत आला होतात.
आउस्मा तेव्हाच म्हणाली होती,
या माणसाला कुणीतरी मागून ढकलतंय.

एकशे चाळीस युरोंवर माझी हरकत आहे.
पाहुणे आम्ही होतो. दोघीच.

*

तीन दिवस काही नाही.
आउस्मा म्हणाली, तू जास्तच लिहिलंस,
पैशाच्या भांडणात एवढं खोल जायचं नसतं,
लोक मनाला लावून घेतात.
मी म्हटलं, त्याने यादी बनवली, मी नाही.

चौथ्या दिवशी बँकेत एकशे ऐंशी जमा.
पत्र नाही, दिलगिरी नाही.
कपाचे पंधरा मात्र कापलेले.

त्या रात्री, एक वाजून काही मिनिटं झाली असताना
फोन उजळला:
«दारामागचा खिळा
मी दुरुस्तीच्या वेळी उपटून टाकला होता.»

मी चष्मा शोधला. उठून बसले.
लिहिलं:
परत ठोकलाय कुणीतरी.
डोकं वाकडं बसलंय, पण टोपी टिकते.

मग थोडं थांबून,
कारण न्याय तो न्यायच,
आणि कपाचे पंधरा?