रकाना चार

विद्यापीठाच्या नमुन्यात रकाना चार अजून कोरा आहे:
पदवीचे नाव.
स्टाफरूमचं छत उतरवलंय, म्हणून आम्ही केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये,
बेसिनच्या कडेला चहाचे पेले,
आणि परकार सरांनी नळाला टेकवून ठेवलेला आफ्रिकेचा नकाशा,
झांजीबारपाशी फाटलेला, मागून चिकटपट्टी.

'कृष्णवर्णीय अध्ययन' असं मी लिहून आणलं होतं.
प्राचार्य तांडेल बाईंनी ते मोठ्यांदा वाचलं
आणि स्तोत्र सुरू झाल्यासारखं वाटलं.
आपल्याकडे काळ्याला कृष्ण म्हटलं की तो मखरात बसतो.
काळीला मात्र स्थळाच्या माहितीत
'गहूवर्णी' लिहून लोक मोकळे होतात.
मग हबशी?
शाळेत आम्ही एकमेकांना तशी हाक मारायचो;
ती शिवी आहे एवढं ठाऊक होतं,
तो देश आहे हे नव्हतं.
परकार म्हणाले, जुन्या कागदांत हा सगळा मुलूख हबसाण आहे.
म्हणजे ज्या शिवीत आपण राहतो
तिला वसूल होता, शिक्का होता, बंदर होतं.

एकशे वीस श्रेयांकांत काय मावतं?
इतिहास: विकली गेलेली माणसं
आणि त्यांच्यातलीच, किल्ल्याच्या किल्ल्या कमरेला लावून फिरलेली.
"दोन्ही एकाच सत्रात घ्या. वेगळी केलीत
तर पोरं फक्त दुसरी लक्षात ठेवतील."
भूगोल: वारे. सहा महिने तिकडून, सहा महिने इकडून.
अर्थशास्त्र: एका माणसाला किती खंडी भात,
हे उदाहरण गणितवाल्यांनी परत पाठवलं.
संगीताला शिक्षक नाही.
वनस्पतिशास्त्र माझं. माझ्या वाट्याला गोरखचिंच:
कुणाच्या कनवटीला बी होतं ते झाड सांगत नाही,
पण खोडाचा घेर मोजता येतो.
प्रात्यक्षिक. दोन श्रेयांक.

राजपुरीच्या धक्क्यावर गाइड रोज सांगतो,
किल्ला कुणालाच जिंकता आला नाही.
आत काय शिजत होतं, कुठल्या भाषेत लेकरांना दटावत होते,
तिथवर पोचायच्या आत शिडाची होडी परत निघते.

सफूरा सिद्दी, दुसरं वर्ष, विद्यार्थी प्रतिनिधी,
आतापर्यंत गप्प होती.
एसटीत तिला विचारतात, कुठची गं तू?
एकदऱ्याची.
तसं नव्हे. मूळची?
त्याच्या आधी राजपुरी.
तसं नव्हे गं.
आता तांडेल बाई तिला म्हणाल्या, तुला काय वाटतं?
ती म्हणाली, "मॅडम, या वर्गात मी बसायचं,
की मला समोर उभं करून शिकवणार?"

बर्नरचा निळा वास. कुणी चहा प्यायला नाही.

रकाना अकरा, रोजगाराच्या संधी. "पर्यटन लिहा," बाई म्हणाल्या.
लिहिलं.
पात्रता: बारावी उत्तीर्ण, कोणतीही शाखा.
पान गळालेल्या गोरखचिंचेकडे पाहिलं
की शाखा कुठली आणि मूळ कुठलं हे कळत नाही,
पण असला शेरा नमुन्यात चालत नाही.

मुदत शुक्रवारपर्यंत.
कागद आणि पेन्सिल मी सफूरापुढे सरकवली.
ती टोक करते आहे.
लाकडाची साल टेबलावर पडते आहे, गोल गोल,
टोक गरजेपेक्षा बारीक झालंय,
आणि आमच्यातलं कुणीही
पुरे म्हणत नाही.