प्रॉम्प्टरचा फोन

देवाजी लेनगुरे चौथ्यांदा आला.
वडशाच्या फाटकाजवळच्या माझ्या दुकानात
काउंटरवर फोन ठेवला,
आजारी कोंबडी ठेवावी तसा.
"पुन्हा तेच बाप्पा."

सिस्टीम प्रतिसाद देत नाही.
खाली दोन पर्याय:
बंद करा. प्रतीक्षा करा.

पहिल्यांदा मी कॅशे पुसली.
मग अपडेट टाकला, तीन चहा झाले.
तिसऱ्यांदा सगळंच उडवून नव्यानं बसवलं,
त्यात त्याच्या साळ्याचा नंबर गेला,
त्याचं त्याला फार काही वाटलं नाही.

"कवा येते हे?"
"दुसऱ्या अंकात. रात्री दोनच्या पुढं.
मी खड्ड्यात बसून फोनमधून वाक्यं पुरवतो,
अन् बाप पोरीले ओळखते, नेमकं तिथंच अडकते.
परवा हिरो चार मिनिटं उभा, तोंड उघडं.
मंडपात बाया रडल्या. टाळ्या पडल्या.
मालक म्हणे, हे असंच ठेवा."

"मंग दुरुस्त काहून करतं?"

काचेच्या भेगेवरून तो अंगठा फिरवत राहिला.
"त्याले ते वाक्य माहीत नाही न.
मले माहीत आहे."

मी झाकण उघडलं. आत थोडी लाल धूळ,
बाकी सगळं जागच्या जागी.
"खड्ड्यात बल्ब कुठं असते?"
"फोनजवळच. शंभराचा.
पुसातली थंडी, बोटं आखडते."

"तापते तो. बल्ब दोन हात दूर टांग,
नाही अडकणार."

"अन् बोटं?"

मी स्क्रू पिळत बसलो.